पाच मिनिटांची मुदत

जावई आणि सासू एका घरात राहतात आणि लेक मात्र तिसरीकडेच, हे ऐकून लोक आधी हसायचे आणि मग कारण विचारायचे. कारण साधं होतं. लेक शाळेत शिक्षिका, आणि तिची नेमणूक झाली नऊ तासांच्या प्रवासावर, डोंगरातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेत. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, डोंगर त्यांना चढवेना, म्हणून त्या जावयाकडे आल्या. आणि जावई गावातल्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळणारा, त्याला गाव सोडता येईना. असं करता करता सहा वर्षं गेली. त्याने सासूबाईंना वॉकर धरून चालायला शिकवलं, त्यांनी त्याला स्वयंपाक शिकवला, आणि दोघांनीही एकमेकांच्या शिकवण्याला भरपूर नावं ठेवली.

बदल्यांची फेरी तीन वर्षांतून एकदा यायची. मागच्या फेरीत गावात जागाच नव्हती. या वेळी मात्र घरामागच्या, गच्चीवरून जिची घंटा ऐकू येते त्या शाळेतल्या एक बाई निवृत्त होणार होत्या, आणि ज्येष्ठतेच्या यादीत त्याच्या बायकोचं नाव पहिलं होतं. म्हणजे तिने ती शाळा मागायची आणि ती तिला मिळायची, मध्ये कोणी येणार नव्हतं. फक्त मागायला हवी होती. मागणीचा अर्ज शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर भरायचा, तिच्या विभागाचा दिवस मंगळवार, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पाच वाजून एक मिनिटानेही खातं कोणाचं ऐकणार नव्हतं.

बायकोच्या गावात फोनवर बोलणं कसंबसं व्हायचं, इंटरनेट नव्हतंच. म्हणून असं ठरलं, की अर्ज त्याने ऑफिसातून भरायचा, तिच्या फोनवर सहा आकडी कोड येईल तो तिने शाळेच्या ओट्यावर उभं राहून वाचून दाखवायचा, आणि काम फत्ते. सासूबाईंनी तर आदल्या रविवारीच शेजाऱ्यांच्या दोन मुलींना हाताशी धरून लेकीसाठी आतल्या खोलीतला पलंग खिडकीपाशी सरकवून घेतला.

"आई, अजून अर्जसुद्धा भरलेला नाही," तो म्हणाला.

"तुम्ही घरात इंटरनेटवाले, अन् तुमचाच अर्ज भरला जाणार नाही होय? मग काय उपयोग तुमचा," सासूबाई म्हणाल्या.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एकीत साहेब, दुसरीत ग्राहकांचे फोन घेणाऱ्या ताई, आणि तिसरीत पंखे घरघरणारी कपाटं आणि तो. ऑफिसात त्याला नंबरकाका म्हणत. त्याच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक डायरी होती आणि तिच्यात तो महत्त्वाच्या सगळ्या वेबसाइटांचे नंबर लिहून ठेवायचा. कारण इंटरनेटवर नाव हे माणसांच्या सोयीसाठी असतं, यंत्राला कळतो तो नंबर. आपण वेबसाइटचं नाव टाकलं की यंत्र आधी एका चौकशीच्या सर्व्हरला विचारतं, या नावाचा नंबर काय? उत्तर आलं की मगच तिकडे जातं. या विचारपुशीला डीएनएस म्हणतात. नंबरकाकाचं म्हणणं असं, की दुसऱ्याला विचारून चालणाऱ्या माणसाने चार पत्ते तरी स्वतःकडे लिहून ठेवावेत. ऑफिसातले तरुण त्याला हसायचे. हसोत बापडे.

मंगळवारी दहाला पाच मिनिटं असताना तो तयारीत बसला. दहा वाजले. खात्याचं नाव टाकलं. पांढरं पान आलं आणि त्यावर एक चक्र फिरत राहिलं. पहिल्या दिवशी गर्दी असणारच, असं म्हणून त्याने दोन मिनिटं वाट पाहिली. मग पान म्हणालं, असा पत्ता सापडत नाही.

शेजारच्या खोलीत फोन वाजायला लागले. एक संपला की दुसरा. ताईंनी दारातून डोकं आत घातलं. "काका, सगळे मास्तर लोक पेटलेत. खात्याचं पान उघडत नाही म्हणतात. माझी नणंदही त्यातलीच, ती तर रडायला आलीये."

त्याने बाह्या सरसावल्या. आणि बाबा रे, या कामात तो खरोखर हुशार होता. दहा मिनिटांत त्याला दुखणं सापडलं. चौकशीच्या ज्या सर्व्हरकडे खात्याचा पत्ता मिळायचा, त्याच्या प्रती जगभर ठेवलेल्या होत्या, सगळ्यांचा नंबर एकच. जी प्रत जवळ, ती उत्तर देणार. त्यांच्या गावाला जवळची प्रत तीन तासांच्या रस्त्यावर, मोठ्या शहरात होती. पण आज त्यांच्या चौकशा तिकडे जातच नव्हत्या. त्या शहर ओलांडून, समुद्राच्या तळाच्या केबलमधून, मग दुसऱ्या समुद्रातून पृथ्वीच्या पार पलीकडे कुठल्याशा सर्व्हरकडे चालल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण वळसा म्हणजे किती? तिकडच्या कुठल्याशा कंपनीने पहाटे जाहीर केलं होतं, की या नंबराकडे जायची सगळ्यात जवळची वाट आमच्याकडून जाते. कोणाचं तरी बोट चुकलं असणार. पण इंटरनेटचा सगळा कारभार विश्वासावर चालतो. एकाने सांगितलं, दुसऱ्याने मानलं, तिसऱ्याने पुढे सांगितलं. आणि त्या पलीकडच्या सर्व्हरवर अशा वाट चुकलेल्या चौकशांची एवढी झुंबड, की कोणालाच उत्तर मिळेना.

दुखणं कळलं. औषध त्याच्या हातात नव्हतं. त्यांची कंपनी लाइन घेत होती वरच्या एका मोठ्या कंपनीकडून, आणि वाटा तीच ठरवणार. गावात आणखी तीन कंपन्या होत्या, फोनचे टॉवर होते, पण दुकानं चार असली तरी पीठ एकाच गिरणीचं होतं. त्याने वरच्या कंपनीला फोन लावला.

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"तक्रार नाही हो, मी कारणच सांगतोय. अमक्या नंबराची वाट चुकीच्या दिशेने जातेय. तुम्ही त्या कंपनीने जाहीर केलेली वाट मानू नका, एवढंच करायचंय. दोन ओळींचं काम आहे."

"हो सर. आमची टीम त्यावर काम करत आहे."

"टीमला माहीत आहे का काय बिघडलंय?"

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, सर."

अकरा वाजता त्याने पुन्हा फोन केला, साडेअकराला पुन्हा. दर वेळी नवा आवाज, आणि दर वेळी त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाराला त्याने त्या पलीकडच्या कंपनीचा ई-मेल शोधून काढला आणि हात जोडून लिहावं तसं पत्र लिहिलं. क्षणात उत्तर आलं. आमचं ऑफिस नऊ तासांनी उघडेल. बरोबरच होतं, तिकडे लोक झोपले होते. ज्याच्या हातून हे झालं तो माणूसही उशीवर डोकं टेकून निवांत झोपला असणार, आणि त्याला जागं करायला नंबरकाकाकडे कसलाच उपाय नव्हता. त्याला इतका राग आला की त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवला.

मध्ये त्याने चौकशांची नोंद उघडली. तिच्यात प्रश्न लिहिलेले असतात, उत्तरं नसतात. एरवी एखाद्या नावाचा पत्ता एकदा विचारला की यंत्र तो दिवसभर लक्षात ठेवतं. खात्याच्या नावासाठी मात्र कालपर्यंत दर पाच मिनिटांनी नव्याने चौकशी होत होती. म्हणजे पत्ता पाच मिनिटांच्या वर लक्षात ठेवू नका, असं खात्यानेच सांगून ठेवलं होतं. "काय माणसं आहेत," तो पुटपुटला. "दिवसभराची मुदत ठेवली असती तर आज हे झालंच नसतं." त्याने खात्याच्या अकलेला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि नोंद बंद केली.

साडेबाराला बायकोचा फोन आला. "मुलांना दुपारची सुट्टी दिली. मी ओट्यावरच बसलेय. कधी पाठवतोयस कोड?"

"वेळ लागतोय जरा."

"म्हणजे किती?"

"माझ्या हातात नाहीये गं."

सहा वर्षांत त्याने तिला बदलीबद्दल कधी असं म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं. मी इथेच आहे."

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच घरून सासूबाई. "झालं का हो जावईबापू?"

"होतंय, आई."

"होतंय म्हणजे नाही झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांनीही फोन ठेवला.

एक वाजून गेला आणि त्याची नजर निळ्या डायरीवर पडली. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. महिन्यापूर्वी बायकोची माहिती तपासायला खात्याची साइट उघडली होती तेव्हा त्याने सवयीप्रमाणे नंबर लिहून घेतला होता. चौकशीच करायची नाही. यंत्राला सांगायचं, बाबा, विचारत बसू नकोस, हा घे नंबर, सरळ जा. त्याने स्वतःच्या यंत्रात खात्याच्या नावापुढे तो नंबर हाताने लिहिला आणि पान पुन्हा उघडलं.

उघडलं. तीच निळी पट्टी, तेच खात्याचं चिन्ह, तीच यादी, आणि यादीत बायकोचं नाव पहिलं. खाली रिकाम्या जागांमध्ये घरामागची शाळा. त्याने एकेक रकाना तीनतीनदा वाचून भरला. कोड पाठवा म्हटलं. डोंगरात फोन किणकिणला.

"चार, शून्य, सात," ती वाचू लागली. वारा मध्ये येत होता. "सात म्हटलं, साठ नाही. मग दोन, दोन, नऊ."

त्याने आकडे टाकले. पान म्हणालं, आपला अर्ज मिळाला आहे. खाली पावतीचा क्रमांक होता.

"झालं," तो म्हणाला.

पलीकडे ती रडत होती. "परत एकदा बघून घेशील?" ती म्हणाली. "पाचच्या आत कधीतरी. नीट गेलाय ना ते."

"पावती आलीये माझ्याकडे. आता काय बघायचं? मुलांना आत घे जा, मास्तरीणबाई."

त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, की हा नंबर आपल्या सर्व्हरवर टाकू, गावातल्या सगळ्या शिक्षकांचं काम होईल. साहेब जन्माचे भित्रे. "नको रे बाबा," ते म्हणाले. "खात्याच्या भानगडीत हात घालायला सांगितलंय कोणी? वरचे लोक बघतील." ताईंचा चेहरा पडला. नंबरकाकाला साहेबांची कीव आली.

साडेतीनला, जशी बिघडली तशीच, कोणी काही न सांगता वाट सुधारली. फोन वाजायचे थांबले. ताईंच्या नणंदेने सव्वाचारला अर्ज भरला. गावातल्या सगळ्या मास्तरांनी भरला. नंबरकाका तेव्हा कपाटातली एक वायर बदलत होता आणि शीळ घालत होता. साडेतीनपासून पाचपर्यंत दीड तास हातात होता. नाव टाकून एकदा पान उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं.

यादी शुक्रवारी सकाळी लागली. त्याने ऑफिसात येऊन ताईंच्याच यंत्रावर उघडली. पहिल्या क्रमांकावर बायकोचं नाव आणि पुढे लिहिलं होतं, मागणी नाही, आहे त्या जागी कायम. त्याने पान बंद केलं, पुन्हा उघडलं. तेच. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्या यंत्रात तो मंगळवारचा नंबर अजून तसाच आहे आणि ही यादी आपण ताईंच्या यंत्रावर बघतोय. तो स्वतःच्या खुर्चीवर गेला. तिथे पानच उघडेना. त्याने हाताने लिहिलेला नंबर काढला आणि रीतसर चौकशी केली. चौकशीचं उत्तर लगेच आलं, तीन तासांवरच्या शहरातून. नंबर वेगळा होता.

त्याने खात्याला फोन लावला. एक अधिकारी मिळाले, आवाजावरून सज्जन वाटले. त्यांनी नाव विचारलं, शोधलं. "अर्ज आलेलाच नाही."

"माझ्याकडे पावती आहे, साहेब." त्याने क्रमांक वाचला.

त्यांनी तो टाकून पाहिला. "या क्रमांकाची पावती आमच्याकडे नाही. थांबा, तुम्ही कधी भरला? अहो, आम्ही सोमवारीच नव्या मशीनवर गेलो. गर्दी होणार म्हणून. जुनं मशीन चाचणीसाठी चालू ठेवलं होतं. तुम्ही तिकडे कसे पोचलात? नाव टाकलं की नव्यावरच यायला हवं."

तो कसा पोचला ते त्याने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग त्या जुन्या मशीनवर अर्ज असेल ना? तुम्ही बघू शकाल. एक वाजून वीस मिनिटांनी भरलाय."

"ते काल पुसून टाकलं हो," अधिकारी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "आणि असतं तरी आता आदेश निघालेत. पुढच्या फेरीत नक्की होईल. बाईंचं नाव वरच राहील."

पुढची फेरी म्हणजे तीन वर्षं.

फोन ठेवल्यावर त्याला ती पाच मिनिटांची मुदत आठवली. पत्ता पाचच मिनिटं लक्षात ठेवा, असं कोण सांगतं? ज्याला घर बदलायचं आहे तो. त्याने स्वतः आजवर वीस वेळा तरी हेच केलं होतं. सर्व्हर हलवायचा असला की आधी मुदत कमी करायची, म्हणजे लोक जुन्या पत्त्यावर जात नाहीत. धंद्यातलं पोरसुद्धा हे ओळखेल. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वर खात्याला शिव्या दिल्या होत्या. ज्यांना काही येत नव्हतं ते हात चोळत बसले आणि त्यांचे अर्ज पोचले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

दुपारच्या सुट्टीत त्याने टायरच्या दुकानामागे जाऊन बायकोला फोन केला. सगळं एका दमात सांगितलं, नाहीतर सांगवलं नसतं.

"म्हणजे त्या दुसऱ्या देशातल्या कंपनीमुळे," ती शेवटी म्हणाली.

"नाही. ते साडेतीनला नीट झालं होतं. माझ्यामुळे."

परत एकदा बघून घे म्हटलं होतं मी, हे ती आता म्हणेल, म्हणून तो थांबला. तिने म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आईला कळलं?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस. यादी लांबली म्हण. तीन वर्षं म्हटलं की तिचा धीर सुटेल. मी सुट्टीत येईन तेव्हा मी सांगते."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. वॉकर हाताशी होता.

"यादी लागली का?"

"लांबली म्हणतात."

"बरं." त्या बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "समोरच्या बाई येऊन गेल्या दुपारी. त्यांच्या भाचीला मागची शाळा मिळाली. सांगायला आल्या होत्या. आनंदात होत्या बिचाऱ्या."

तो दारातच उभा राहिला. पायातले बूटही काढले नव्हते.

"मला सांगू नका असं तिने म्हटलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"आई, चूक माझी झाली." त्याने सांगायचा प्रयत्न केला. नंबर, वाट, जुनं मशीन. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते कशाबद्दल चाललंय कळेनासं झालं.

"मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत तेवढं कळतं. बूट काढा." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तीन वर्षांनी मी ब्याऐंशीची." आणि मग, "तिला बोलू नका मला कळलंय म्हणून. तिकडे एकटी असते. माझ्या काळजीने जेवायची नाही. ती समजते मला माहीत नाही, समजू दे."

सातला रोजच्यासारखा तिचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्याने स्पीकर लावला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

"यादी लांबली म्हणे गं," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या.

"हो ना आई. लागेल आठ-पंधरा दिवसांत."

"लागू दे सावकाश. मला कुठे घाई आहे. तुझा पलंग खिडकीपाशी घेतलाय."

"खिडकीपाशी तू झोप. मी आतल्या बाजूला झोपेन."

"तू आल्यावर बघू कोण कुठे झोपतं ते. जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"आम्हीही जेवलो आत्ताच," सासूबाई म्हणाल्या. चूल अजून पेटलीही नव्हती.

दोघींपैकी एकही फोन ठेवेना. सासूबाईंनी आवाज न करता त्याचं मनगट धरलं आणि लेकीला विचारलं, की तिकडे थंडी पडली का.